अकरा एक्के

धुळ्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला गणित घेतलेल्या आम्ही दोघीच मुली होतो. माझं गाव शिंदखेड्याकडचं, शिकायला मी धुळ्यात मावशीकडे राहायचे. गणिताच्या सरांना एक सवय होती. तास संपायला पाच मिनिटं उरली की ते फळ्यावर अभ्यासक्रमात नसलेलं काहीतरी लिहायचे. एकदा त्यांनी एकाखाली एक आकडे लिहिले. ११, १११, ११११, असं खाली खाली. म्हणाले, "यातल्या मूळ संख्या कोणत्या आणि संयुक्त कोणत्या, वर्गीकरण करून आणा. जमेल तिथपर्यंत जा."

मूळ म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही ती. संयुक्त म्हणजे जी दुसऱ्या दोन संख्यांच्या गुणाकारातून येते ती. मुलांनी दुसऱ्या दिवशी विषय सोडून दिला. मी बसले. अकरा मूळच. सदतीस त्रिक एकशे अकरा. चार एक्क्यांना अकराने भाग जातो. पाच एक्के म्हणजे एक्केचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. सहा एक्के सोपे निघाले. सात एक्क्यांनी माझे दोन दिवस खाल्ले, पण सुटले: दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास.

सरांनी वही बघितली. "आठ, नऊ, दहा करू नका," ते म्हणाले. "एक्के किती, तो आकडाच संयुक्त असला की पूर्ण संख्याही संयुक्तच निघते. खरा प्रश्न पुढे अकरा एक्क्यांचा आहे."

घरी येऊन मी ती संख्या मोठ्याने वाचली. अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा. मावशी हसायला लागली. परीक्षा झाली की हे करायचं, असं मी ठरवलं. परीक्षा झाली आणि माझं लग्न झालं.

साठचं दशक संपत आलं होतं. सासर जळगावचं. सासरे रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. घरात त्यांना सगळे आबा म्हणायचे आणि सासूबाईंना अक्का. माझा नवरा एका डाळ मिलमध्ये देखरेखीला होता. बघायला आले तेव्हा आबा माझ्या वडिलांना म्हणाले होते, "शिकू द्या की, जळगावातही कॉलेज आहे." म्हणून मी जूनमध्ये दुसऱ्या वर्षाचा फॉर्म मागवला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, चार घड्या घातल्या आणि मला परत दिला.

"घरात सून आणली आहे," ते म्हणाले. "विद्यार्थिनी नाही."

नवऱ्याकडे बघितलं तर तो पायातल्या चपलेचा अंगठा नीट करत होता. नंतर मला म्हणाला, "आबांचं डोकं शांत झालं की बघू."

दिवाळीच्या आधी आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. अक्कांच्याने त्यांना उचलवत नव्हतं आणि थोरल्या जावेला दिवस गेले होते. त्यामुळे आबांची खोली माझ्याकडे आली. सकाळी चहापासून संध्याकाळच्या दिवाबत्तीपर्यंत मी त्या खोलीत. अंग पुसणं, कूस बदलणं, भाकरी दुधात कुस्करून भरवणं, भांडं देणं. खोलीला एक खिडकी होती. तिच्यासमोर दोन हातांवर शेजारच्या डाळ मिलची भिंत. मिल चालू असली की खिडकीतून तुरीचा कोंडा आत यायचा आणि आबांच्या पांघरुणावर पिवळट थर बसायचा.

दुपारी बाकीचं घर झोपायचं. जावेची पोरं आत येऊन गोंधळ घालतात म्हणून अक्का बाहेरून कडी लावून घ्यायच्या. मला बाहेर यायचं असेल तर दार वाजवायचं आणि कोणी उठेपर्यंत थांबायचं. पहिल्यांदा कडी लागली तेव्हा मला वाटलं विसरून लागली. आठवडाभराने कळलं की हे आता असंच चालायचं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते.

कोपऱ्यात पोरांची एक जुनी पाटी पडली होती. एका दुपारी मी तिच्यावर अकरा एक्के लिहिले आणि भागायला सुरुवात केली. तीनने जात नाही, सातने जात नाही, तेराने, सतराने. भिंतीवरच्या कॅलेंडरची गेलेल्या महिन्यांची पानं काढून त्यांच्या पाठीवर मूळ संख्यांची यादी करायला लागले. कुठवर जावं लागेल याचाही हिशोब केला. संख्येच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे एक लाख पाच हजारांच्या पुढे. तिथपर्यंत अंदाजे दहा हजार मूळ संख्या येणार. रोज पाच भागाकार केले तर साडेपाच वर्षं. तो आकडा बघून मला रडू आलं. भागाकारांचं नव्हे. या खोलीत साडेपाच वर्षं निघू शकतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आबा पडल्या पडल्या बघायचे. मी मुद्दाम पाटी त्यांना दिसेल अशी धरायचे. तुम्ही नाही म्हणालात ना, मग बघा, असं मनात असायचं. हे आज लिहितानाही बरं वाटत नाही, पण तसं होतं खरं.

सदुसष्टने भागत होते त्या दिवशी त्यांनी घशातून आवाज काढला. मी पाणी दिलं. त्यांनी तोंड फिरवलं. भांडं दिलं, ते डाव्या हाताने ढकललं. मग ओठ वाकडे करत, थुंकी उडवत त्यांच्या तोंडून शब्द आला, "छत्तीस."

झटक्यानंतरचा तो त्यांचा पहिला शब्द. मला वाटलं, आपला छत्तीसचा आकडा आहे असं सुनावतात. माझं डोकं तडकलं. पाटी पुसली आणि त्यांच्याकडे पाठ करून बसले. तीन दिवस मी त्यांचं सगळं केलं, पण तोंडाकडे बघितलं नाही.

चौथ्या दिवशी तोच भागाकार पुन्हा मांडला, तेव्हा कळलं. सदुसष्ट आठे पाचशे छत्तीस. मी पाचशे सव्वीस लिहिले होते. मी वळून बघितलं. आबा माझ्याकडेच बघत होते.

"पाचशे छत्तीस," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. वाचा गेली तरी माणसाच्या तोंडात शिव्या राहतात, आकडे राहतात, देवाचं नाव राहतं. मग अक्का रोज सकाळी त्यांच्या उशाशी बसून म्हणायच्या, "राम म्हणा. रा-म." आबा जिवाचा आटापिटा करून तोंड उघडायचे आणि म्हणायचे, "तेवीस." अक्का पदर तोंडाला लावून बाहेर जायच्या. मला तेव्हा त्यांचा राग यायचा, त्यांचं दुःख मला दिसत नव्हतं.

आबांनी तीस वर्षं वॅगनचे नंबर आणि पोत्यांची वजनं तपासली होती. त्यांचे पाढे पक्के होते. मी भागाकार मांडायचे, ते गुणाकार सांगायचे, मी वजा करायचे. शेवटी ते नवाचा ताळा घ्यायचे. आकड्यांची बेरीज करून चुका पकडायची ती जुनी रीत मी शाळेतच विसरून गेले होते. ताळा चुकला की डाव्या हाताने खाटेच्या लाकडावर टकटक करायचे. आमच्यात दुसरं बोलणं नव्हतं. त्यांना येत नव्हतं, मला करायचं नव्हतं.

फाल्गुनात मी अडीच हजारांपर्यंत आले होते. एके दिवशी कंटाळून जुनी उत्तरं समोर ठेवून नुसतीच बसले. पाच एक्के: एक्केचाळीस आणि दोनशे एकाहत्तर. एक्केचाळीसातून एक काढला, चाळीस. दोनशे एकाहत्तरमधून एक काढला, दोनशे सत्तर. दोन्हींना पाचाने भाग जातो. मी सात एक्क्यांकडे गेले. दोनशे अडतीस, साताने जातो. चार हजार सहाशे अठ्ठेचाळीस, साताने जातो. अंगावर काटा आला. तीन एक्क्यांच्या बाबतीत सदतीसने साथ दिली आणि तिनाने दगा दिला, पण तो एकटाच. म्हणजे अकरा एक्क्यांना ज्या मूळ संख्येने भाग जाईल, तिच्यातून एक काढला की उरलेल्याला अकराने भाग जायला हवा. आणि ती विषम असणार, म्हणजे बावीसने.

"आबा!" मी ओरडले. "बावीसचा पाढा म्हणा आणि प्रत्येकात एक मिळवा. तेवढ्याच संख्या बघायच्या. बाकीच्या सगळ्या सोडायच्या!"

त्यांना कारण कळलं नाही. मलाही कळलं नव्हतं. पण दहातलं एकच काम उरलं, हे त्यांना बरोबर कळलं. ते म्हणायला लागले, "तेवीस. सदुसष्ट. एकोणनव्वद." पंचेचाळीसला पाचाने भाग जातो म्हणून तो त्यांनी आपणहून गाळला होता.

आखाजीला भाऊ मला न्यायला आला. खानदेशात आखाजीला लेक माहेरी जाते, झोके बांधलेले असतात, वर्षभराची तीच एक मोकळीक. अक्का म्हणाल्या, "आबांचं कोण करेल?" भाऊ चहा पिऊन एकटाच परत निघाला. जाताना मी त्याच्या खिशात एक चिठ्ठी घातली, धुळ्याच्या सरांना द्यायला. मी जे बघितलं ते त्यात लिहिलं होतं आणि विचारलं होतं, हे नेहमीच खरं असतं का, आणि का?

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. ते अक्कांच्या हातात पडलं. त्यांना वाचता येत नव्हतं. नवरा मिलमधून आल्यावर त्याला ओसरीवर उभं करून त्यांनी ते वाचायला लावलं. मी दारात होते.

तो वाचायला लागला. "आपले निरीक्षण बरोबर आहे. कारण पुस्तकात आहे. उत्तरही पुस्तकात आहे. परंतु आपण शोधत आहात, म्हणून मी ते येथे लिहीत नाही. धीर सोडू नये."

मग अक्का म्हणाल्या, "काय शोधी ऱ्हायनी तू?"

"गणित आहे, अक्का."

"गणित शे तर तो लिखस का नही? आणि कसाना धीर?"

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं. पहिलं वर्ष मी कोणत्या विषयात केलं हे त्याला माहीत होतं. ही आकड्यांची गोष्ट आहे, सरांचं वय पन्नाशीच्या पुढचं आहे, हे एक वाक्य तो बोलला असता तर पुरलं असतं. तो म्हणाला, "मला विचारून तरी पाठवायचं होतंस."

अक्कांनी कार्ड चुलीत घातलं. पाटी आणि कॅलेंडरची पानं माळ्यावर गेली. आता कडी दुपारपुरती राहिली नाही, सकाळपासूनच लागायला लागली. माझं जेवणही आतच यायचं. त्या दिवसांत मी खिडकीच्या गजांना धरून समोरच्या भिंतीवरच्या विटा मोजायचे आणि त्या मोजल्या की त्यांना कशाने भाग जातो ते बघायचे. सवय सुटत नव्हती, आणि तीच मला आता शिक्षेसारखी वाटायला लागली होती. एकदा मी आबांना म्हणाले, "तुम्ही त्या फॉर्मवर सही केली असती तर मी आत्ता वर्गात बसले असते." त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मी सांगू शकत नाही. पश्चात्ताप होता असं लोक म्हणतील. मला तसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खाणं बंद केलं. मी घास नेला की दात आवळून घ्यायचे. अक्का आल्या, त्यांच्याही हातून घेतला नाही. तिसऱ्या दिवशी नवरा डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टरांसमोर आबांनी डाव्या हाताने पांघरुणावर एक चौकोन काढला आणि म्हणाले, "एकशे नव्व्याण्णव. तीनशे एकतीस."

"काय मागताहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाटी," नवरा खाली बघून म्हणाला.

अक्कांनी स्वतः माळ्यावरून पाटी काढली. ती त्यांनी खाटेवर टाकली, आदळलीच म्हणा. "हाई ल्या तुमनी पाटी," म्हणाल्या आणि निघून गेल्या. आबांनी त्या संध्याकाळी अर्धी भाकरी खाल्ली. कडी मात्र सुटली नाही, पुन्हा दुपारपुरती झाली ती कायमचीच.

त्यानंतर सात-आठ महिने आम्ही बावीसचा पाढा चढत राहिलो. भाजक चार आकडी झाले, मग पाच आकडी. एका भागाकाराला पाटीच्या दोन्ही बाजू लागायच्या. मधे आबांना दोनदा ताप आला. थोरल्या जावेला मुलगा झाला, बारसं झालं, मी ते खिडकीतून ऐकलं. मलाही दिवस राहिले होते, पण तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. त्यानंतर चार दिवसांनी मी पुन्हा खोलीत होते. आबांनी त्या दिवशी पाटी मागितली नाही. मीच घेतली.

ते पौषातल्या दुपारी झालं. बावीस गुणिले नऊशे चौऱ्याऐंशी, अधिक एक. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. पहिला आकडा पाच आला, मग एक, तीन, दोन, तीन. शेवटी उरले एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एक्केचाळीस. आबा नवाच्या पटीचा आकडा सांगायला लागले, "एक लाख... चौऱ्याण्णव हजार... आठशे..." आणि थांबले. मी तोच आकडा पाटीवर बघत होते. खाली लिहायला काही उरलं नव्हतं.

आबांनी ताळा घेतला. भाजकाच्या आकड्यांची बेरीज बावीस, बाविसाचे चार. उत्तराची तेवीस, तेविसाचे पाच. चार पाचे वीस, विसाचे दोन. अकरा एक्क्यांचे अकरा, अकराचे दोन. त्यांनी दोन बोटं वर केली.

म्हणजे संख्या संयुक्त होती. मी मनात पुढेही गेले. दुसरा भाजक, पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस, तो मूळच असणार, कारण त्याला ज्यांनी भाग जाऊ शकला असता त्या सगळ्या लहान संख्या आम्ही केव्हाच मागे टाकल्या होत्या. दोनच मूळ संख्या, आणि त्यांच्या गुणाकारातून ते अकरा एक्के. मला कोणाला तरी सांगायचं होतं. मी दार वाजवायला लागले. दोन्ही हातांनी वाजवलं, लाथा मारल्या. बाहेर धावपळ ऐकू आली, कडी निघाली. अक्का दारात उभ्या, केस सुटलेले, चेहरा पांढरा.

"काय व्हयनं? गयात का?"

"नाही, अक्का," मी म्हणाले. "भाग गेला."

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं. आबा दोन बोटं वर धरून हसत होते. वाकड्या तोंडाने, पण हसतच होते. अक्का तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि रडायला लागल्या. मला वाटलं, घाबरल्या होत्या म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी पाटीवर तेरा एक्के लिहून त्यांच्यासमोर धरले. त्यांनी मान फिरवली. त्यानंतर आमचं काहीच काम उरलं नाही. त्या खोलीतले सगळ्यात वाईट दिवस मला विचाराल तर ते. मिलचा आवाज, कोंडा, लागलेली कडी, आणि एकमेकांना सांगण्यासारखं काही नसलेली आम्ही दोघं. उन्हाळा लागला आणि एका सकाळी आबा गेले. मी तेव्हा चहा आणायला गेले होते.

खोलीतून सुटले तरी घरातून सुटायला आणखी तीन वर्षं गेली. नवऱ्याला धुळ्यात नोकरी मिळाली तेव्हा आम्ही वेगळे झालो. धुळ्यात मी बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. केलं, गणित घेऊन, कडेवर एक मुलगी असताना. पुढे मुलींच्या शाळेत शिकवलं. सर तोवर निवृत्त होऊन त्यांच्या गावी गेले होते. बावीसच्या पाढ्याचं कारण मला शेवटी एका पुस्तकातच मिळालं. ते अर्ध्या पानाचं होतं.

जळगाव सोडायच्या सकाळी ट्रंक बांधून झाली होती. टांगा यायचा होता. अक्का स्वयंपाकघरातून आल्या आणि ट्रंकेपाशी बसल्या. बराच वेळ त्यांनी ट्रंकेच्या कडीशी चाळा केला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुन्हासंगे बोलेत त्या. दीड-दोन वरीस. मन्हं काही बोलनात का?"

माझ्याबद्दल काही बोलले का, असं त्या विचारत होत्या. झटक्यापासून मरेपर्यंत त्यांच्या नवऱ्याने त्यांच्याशी त्या 'तेवीस'पलीकडे एक शब्द काढला नव्हता आणि माझ्याशी तो रोज बोलत होता. दाराच्या त्या बाजूने त्या दुपारभर आमचं ऐकत बसायच्या, हे मला तेव्हा कळलं. त्यांना आकडे कळत नव्हते. आत आपल्याविषयी काय बोलतात, हे त्या किती दुपारी शोधत बसल्या असतील.

"विचारायचे तुमचं," मी म्हणाले. "जेवली का, म्हणायचे."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. "खोटं नको बोलू," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मग त्या उठल्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी फडक्यात बांधून आणल्या आणि प्रवासात भूक लागेल म्हणून माझ्या हातात दिल्या. बाहेर टांगेवाल्याने हाक मारली.